माणकाचा रंग आणि कबुतराचें रक्त

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत रत्नांची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्यांस आरंभींच सांगून टाकतों कीं, आम्ही जव्हेरी नव्हों आणि रत्नशास्त्र शिकविण्याचा अधिकारही आम्हांस नाहीं. आमचा विषय एक उपमा हा आहे. ही उपमा अवघ्या दोन शब्दांची. परंतु कोणत्याही महाकवीच्या उपमेस लाभलें नसेल इतकें रोख मोल तिला लाभलें आहे. उत्तम माणकाच्या रंगास व्यापारी लोक 'कबुतराचें रक्त' असें म्हणतात. खड्याच्या प्रमाणपत्रावर हे दोन शब्द उमटले म्हणजे त्याची किंमत चढते. न उमटले तर तोच खडा त्याच दिवशीं उतरतो. ज्या शब्दांना इतकें वजन आहे, ते शब्द एकदां कसोटीला लावून पाहणें हें टीकाकाराचेंच काम आहे. म्हणून हा लेख.

हा विषय आमच्यापुढें आला तो एका घरगुती प्रसंगानें. पुण्यांतील आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येचा साखरपुडा ठरला होता, आणि मुलीस आपल्याकडून माणकाची एक अंगठी द्यावी असें त्यांच्या घरांत चाललें होतें. आम्ही सहज भेटीस गेलों तेव्हां दिवाणखान्यांतील मेजावर दोन अंगठ्या होत्या. एक जुनी. ती मुलीच्या आजीबाईंना त्यांच्या सासूबाईंकडून मिळालेली, १९३० च्या सुमारास घडविलेली. तिचें सोन्याचें कोंदण झिजून गुळगुळीत झालेलें, आणि सोबत कागदाचा एक कपटाही नाहीं. दुसरी नवी. ती प्लॅटिनमची, खड्याच्या दोहों बाजूंस हिरे बसविलेली, पसंत न पडल्यास परत करण्याच्या बोलीवर एका पेढीवरून आणलेली. तिच्यासोबत एक चकचकीत प्रमाणपत्र होतें व त्यावर वरील दोन शब्द होते. मंडळी तें प्रमाणपत्र हातोहात फिरवीत होती. अंगठी डबींतच होती.

आजीबाई मात्र उठल्या. दोन्ही अंगठ्या उचलून त्या खिडकीशीं गेल्या आणि म्हणाल्या, "कागद मागून वाचा. आधीं इकडे उजेडांत या." त्यांनीं दोन्ही खडे प्रथम दिवसाच्या उजेडांत धरले, मग पदराच्या सावलींत धरले, आणि शेवटीं देवघरांत समईपाशीं नेले. पेढीवरच्या दिव्यांखालीं निखाऱ्यासारखा दिसलेला नवा खडा सावलींत गेल्याबरोबर कडांशीं काळवंडला. जुना खडा सावलींतही आंतून उजळलेला राहिला. "ह्याच्यांत जीव आहे," एवढेंच म्हणून त्यांनीं जुनी अंगठी पुढें केली. यजमानांस तें पटेना. एका बाजूस तज्ज्ञांचा कागद, दुसऱ्या बाजूस ऐंशी वर्षांच्या डोळ्यांचा कौल, आणि मध्यें लग्नासाठीं काटकसरीनें बाजूस टाकलेली मोठी रक्कम! अखेर जुनी अंगठीही प्रयोगशाळेंत पाठवून पाहावी असें ठरलें. तेथून काय उत्तर आलें तें आम्ही शेवटीं सांगूं. तोंवर त्या दोन शब्दांची तपासणी आपण येथें करूं.

उपमेचें पहिलें काम म्हणजे जी वस्तु वाचकाला ठाऊक नाहीं ती ठाऊक असलेल्या वस्तूच्या आधारानें त्याच्या डोळ्यांपुढें उभी करणें. मुखाला चंद्राची उपमा दिली तर ती समजते, कारण चंद्र सर्वांनीं पाहिलेला असतो. कबुतराचें रक्त आमच्या वाचकांपैकीं कितीजणांनीं पाहिलें असेल? ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना तरी तें कोंबडीच्या रक्तापासून वेगळें ओळखतां येईल काय? रक्ताची लाली हीमोग्लोबिन नांवाच्या द्रव्याची असते, आणि तें द्रव्य कबुतरांत जसें आहे तसेंच कोंबडींत व माणसांतही आहे. शिवाय रक्त हा कांहीं ठाम रंग नव्हे. धमनींतलें रक्त भडक, शिरेंतलें काळसर, आणि वाऱ्यावर पडलेलें थोड्याच वेळांत तपकिरी. ज्या मापानें मोजावयाचें तें मापच घटकाघटकांस बदलत असेल, तर त्या मापाचा उपयोग काय?

भामहानें उपमेचे सात दोष नमूद केले आहेत आणि वामनानें सहा मानले आहेत. दोघांच्याही यादींत असादृश्य हा दोष आहे. आमच्या मतें 'कबुतराचें रक्त' या उपमेंत तो आहेच. माणिक पारदर्शक, रक्त अपारदर्शक. माणकाचें सौंदर्य त्याच्या पोटांत शिरून परत येणाऱ्या प्रकाशांत. रक्तांत प्रकाश शिरतो तो बहुतांशीं तेथेंच संपतो. मराठी वाचकाची तर आणखी एक अडचण आहे. आपल्या भाषेनें या पक्ष्याला एक रंग पूर्वींच देऊन ठेवला आहे. 'पारवा' म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें करडी, किंचित् निळसर छटा येते. पारव्या रंगाचें लुगडें आपल्याकडील स्त्रियांस चांगलें परिचित आहे. अशा पक्ष्याचें नांव घेऊन जगांतील सर्वांत उत्कट लाल रंग मनांत आणणें आम्हांस तरी सोपें जात नाहीं.

एवढ्यावरून ही उपमा टाकाऊ ठरवावी, असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. कोणत्याही शब्दाला न्याय द्यावयाचा तर त्याच्या जन्मस्थानीं जाऊन त्याला पाहिलें पाहिजे. ही उपमा ब्रह्मदेशांत वाढली. मंडालेच्या ईशान्येस मोगोक नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील संगमरवरी दगडांत व ओढ्यांच्या गाळांत शेंकडों वर्षें माणकें सांपडत आलीं आहेत. ब्रह्मी भाषेंत 'खो' म्हणजे कबूतर व 'थ्वे' म्हणजे रक्त. 'खो-थ्वे' हें उत्तम माणकाच्या रंगाचें तेथील नांव. घेणारा व देणारा समोरासमोर बसले आहेत, मध्यें खडे मांडलेले आहेत, आणि त्यांतील एकाकडे बोट दाखवून विकणारा 'खो-थ्वे' म्हणतो. अशा ठिकाणीं रंग शब्दानें सांगावयाचा नसतोच. तो दोघांनाही दिसत असतो. शब्दाचें काम दाद देण्याचें असतें. पानावर बसलेल्या पाहुण्यानें आमरसाची वाटी संपवून 'अमृत आहे' म्हणावें, तसा हा शब्द होय. तेथें अमृत कोणी चाखलें आहे, असा प्रश्न काढणारा अरसिकच ठरेल. परंतु उद्यां कोणी आमरसाच्या डब्यांवर 'परीक्षेअंतीं अमृत ठरलेला' असा शिक्का मारून दुप्पट दाम मागूं लागला, तर तो प्रश्न आपण अवश्य काढूं. कबुतराच्या रक्ताचें असेंच झालें आहे. खड्याच्या शेजारीं उच्चारलेला शब्द खड्यापासून सुटला व कागदावर जाऊन बसला.

आपल्याकडील जुन्या रत्नपरीक्षकांची रीत याहून निराळी होती. गरुडपुराणांत रत्नपरीक्षेचा जो भाग आहे, त्यांत पद्मरागाचा, म्हणजे माणकाचा, रंग सांगतांना उपमानांची एक रांगच उभी केली आहे: दुपारीचें फूल, गुंज, इंद्रगोप, जास्वंद, रक्त, डाळिंबाचा दाणा, पळसाचें फूल, शेंदूर, कमळ, केशर, लाखेचा रस; शिवाय चकोर, कोकिळ आणि सारस यांचे डोळे. या यादींत रक्त आहे, परंतु तें अनेकांतील एक म्हणून आहे. बाकीचीं उपमानें पाहावीं तर बहुतेक सारीं अंगणांतलीं व स्वयंपाकघरांतलीं. इंद्रगोप म्हणजे मृगाचा पहिला पाऊस पडतांच मातींत दिसूं लागणारा तो मखमली तांबडा किडा. आमच्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं तो तळहातावर घेतलेला आहे. डाळिंबाचा दाणा तर विशेषच मार्मिक, कारण तो लाल असून पारदर्शक आहे आणि त्याच्या पोटांत उजेड दिसतो. असादृश्याचा दोष या उपमेस कोणी लावूं शकणार नाहीं.

इतकीं उपमानें कशासाठीं? याचें कारण असें कीं, माणकाचा रंग एक नाहीं हें त्या लोकांस ठाऊक होतें. शिवाय ते केवळ रंगावर थांबतही नव्हते. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत उत्तम रत्नांचे जे गुण मोजले आहेत ते असे: तुळतुळीतपणा, आसपासच्या वस्तूंना माखणारी प्रभा, स्वच्छता, किरणांचा झोत, वजनदारपणा, सुबक घाट, अंतःप्रभा आणि रंगाची समृद्धि. आठ गुणांत रंगाचा गुण एक. प्रकाशाचे मात्र तीन! यांतील 'अंतःप्रभा' हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. आजीबाईंनीं जें 'ह्याच्यांत जीव आहे' म्हटलें, तें याच गुणाला उद्देशून होतें, आणि आधुनिक विज्ञानानेंही या शब्दाची बाजू घेतली आहे.

माणिक म्हणजे कुरुंदाचा स्फटिक. संस्कृतांत माणकाच्या एका जातीला 'कुरुविंद' म्हणत, आणि ज्या कुरुंदाच्या दगडावर आपल्याकडे सुऱ्यांना धार लावीत तोही याच घराण्यांतला. शुद्ध कुरुंदाला, म्हणजे ॲल्युमिनियम व प्राणवायु यांच्या स्फटिकाला, रंगच नसतो. त्यांतील ॲल्युमिनियमच्या शंभरांतील एखाद्या अणूच्या जागीं क्रोमियमचा अणु येऊन बसला कीं लाली प्रकट होते. हें क्रोमियम पांढऱ्या प्रकाशांतील जांभळा आणि हिरवा-पिवळा भाग गिळून टाकतें व तांबडा भाग जाऊं देतें. गंमत अशी कीं, हेंच क्रोमियम पाचूच्या स्फटिकांत शिरलें तर त्याला हिरवा करतें. म्हणजे रंग त्या धातूच्या एकट्याच्या मालकीचा नाहीं. तो कोणाच्या घरीं राहतो यावर तें अवलंबून आहे.

परंतु माणकाची खरी मौज याच्या पुढें आहे. गिळलेला सर्वच प्रकाश नष्ट होत नाहीं. त्याचा कांहीं भाग माणिक पुन्हां बाहेर टाकतें, आणि तो टाकतांना तांबडा करून टाकतें. अशा रीतीनें माणिक दोनदां तांबडें असतें, एकदां प्रकाश गाळल्यामुळें व एकदां स्वतः उजळल्यामुळें. याच उजळण्याचा उपयोग करून थिओडोर मैमन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६० सालीं जगांतील पहिला लेसर किरण कृत्रिम माणकाच्या कांडींतून काढला. या अंतःप्रभेचा शत्रु म्हणजे लोखंड. खड्यांत लोखंडाचा अंश अधिक असेल तर आंतला उजेड मंदावतो व रंग काळपट होतो. मोगोकच्या संगमरवरांत लोखंड अत्यल्प, म्हणून तेथील उत्तम माणकें सावलींतही जळतात. थायलंडांतील काळ्या ज्वालामुखी खडकांशीं संबंध असलेल्या माणकांत लोखंड पुष्कळ, म्हणून तीं बहुधा गडद. आफ्रिकेंतील मोझांबिकच्या माँटेप्वेझ भागांत २००९ सालापासून सांपडूं लागलेलीं माणकें सामान्यतः या दोहोंच्या मध्यें बसतात, आणि त्यांतील निवडक माणकें तर मोगोकच्या तोडीचीं आहेत.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. माणिक एका दिशेनें पाहिलें तर किंचित् जांभळट लाल व दुसऱ्या दिशेनें पाहिलें तर किंचित् नारिंगी लाल दिसतें. पैलू पाडणारा कारागीर कच्चा खडा कसा धरतो यावर त्याचा चेहरा ठरतो. तसेंच मोगोकच्या कित्येक माणकांत रेशमाच्या धाग्यांसारखे अतिसूक्ष्म तंतु असतात. ते फार झाले तर दोष. थोडे असले तर त्यांच्यामुळें उजेड खड्यांत सगळीकडे सारखा पसरतो व काळे कोपरे राहत नाहींत. यावरून वाचकांच्या लक्षांत येईल कीं, माणकाचा रंग कुपींतल्या अत्तराप्रमाणें खड्यांत भरून ठेवलेला नसतो. खडा, उजेड, कोंदण आणि पाहणारा डोळा या चौघांच्या भेटींत तो घडतो. मग खिडकी, सावली आणि समई अशा तीन ठिकाणीं खडा नेणाऱ्या आजीबाई अडाणी, कीं तो डबींत ठेवून कागद वाचणारे आपण?

चौघांपैकीं कोंदणाकडे तर आजकाल फारच दुर्लक्ष होतें. प्रसिद्ध अंगठ्यांचीं दोन उदाहरणें घेऊं. अमेरिकेंतील स्मिथसोनियन संग्रहालयांत २००४ सालीं 'कार्मेन लुसिया' नांवाचें २३.१० कॅरट वजनाचें ब्रह्मी माणिक आलें. एका गृहस्थानें तें आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दिलें व तिचेंच नांव त्याला मिळालें. दुसरें २५.५९ कॅरटचें 'सनराइज' माणिक. कार्तिये या पेढीनें घडविलेल्या अंगठींतील हें माणिक जिनेव्हा येथें मे २०१५ मध्यें तीन कोटी डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. दोन्ही अंगठ्यांची मांडणी जवळजवळ एकच आहे: मध्यें माणिक, दोहों बाजूंस एकेक हिरा, भोंवतीं पांढरें तेज. पांढऱ्याशेजारीं लाल अधिक लाल दिसतो हें खरें. परंतु हिऱ्यांचा थंड झगमगाट माणकाच्या ऊबदार उजेडाला जवळ येऊं देत नाहीं. त्याला एकटें उभें करून त्याचें प्रदर्शन मांडतो. आपल्याकडील कुंदनाच्या कामांत याच्या उलट आहे. शुद्ध सोन्यानें खडा घट्ट धरलेला, त्याच्या पाठीशीं चकाकता पातळ वर्ख, आणि त्यावरून परतणारा उजेड पुन्हां खड्यांतून बाहेर येणारा. नवरत्नांच्या अंगठींत माणिक सूर्याचें म्हणून मध्यभागीं बसतें आणि बाकीचे आठ खडे त्याच्याभोंवतीं असतात. तेथें तें राजा खरें, पण दरबारांत बसलेला राजा. कुंदनाला दोष नाहीं असें नव्हे. झांकलेल्या पाठीमुळें हलका खडाही भारी म्हणून खपवितां येतो. तरीही हातावर शोभणारी अंगठी कोणती असें विचाराल, तर आमचें मत सोन्याच्या बाजूनें पडेल.

आतां प्रमाणपत्राकडे वळूं. प्रमाणपत्राविरुद्ध आमची तक्रार नाहीं. उलट आजच्या काळांत त्यावांचून माणिक घेणें धाडसाचें आहे. खडा भाजून त्याचा रंग सुधारण्याची विद्या जुनी आहे. अकराव्या शतकांत अल्बेरूणीनेंही तिचें वर्णन केलें आहे. परंतु या शतकाच्या आरंभापासून शिशाची कांच भेगांत भरून अगदीं टाकाऊ कुरुंदाला माणकाचें रूप देण्याची युक्ति बाजारांत आली. ती कांच इतकी नाजूक असते कीं, लिंबाच्या रसानेंही तिला इजा पोंचते. हें सामान्य माणसाच्या डोळ्यांस ओळखतां येणें कठीण, आणि तेथें प्रयोगशाळेचा शब्द अखेरचा मानला पाहिजे. खडा माणकाचा आहे कीं नाहीं, तो भाजला आहे काय, कोणत्या देशांतला असावा, हे प्रश्न विज्ञानाचे आहेत. परंतु 'कबुतराचें रक्त' हे शब्द या उत्तरांच्या पंक्तींत बसवले कीं घोंटाळा होतो. स्वित्झर्लंडमधील गुबेलिन व एस.एस.ई.एफ. या दोन नामांकित प्रयोगशाळांना २०१५ सालीं या शब्दांचा अर्थ परस्परांशीं जुळवून घ्यावा लागला, यांतच सर्व आलें. ज्या शब्दाचा अर्थ प्रत्येक प्रयोगशाळेस आपल्यापुरता ठरवितां येतो, तो शब्द वर्णन करीत नाहीं. तो पदवी देतो. खडा माणकाचा आहे हें सांगणें एक, आणि तो सुंदर आहे हें सांगणें दुसरें. पहिलें काम करणाऱ्याच्या अधिकाराचा आधार घेऊन दुसरें काम हळूच उरकलें जातें, आणि पाहण्याचें काम आपलें होतें हें आपण विसरतों.

केवळ डोळ्यावर विसंबणाऱ्यांचीही फजिती झालेली आहे, हें येथेंच कबूल करणें प्रामाणिकपणाचें होईल. मोगल बादशहांनीं ज्यांवर आपलीं नांवें कोरविलीं ते मोठमोठे 'लाल' खडे माणकें नव्हतच. स्पिनेल नांवाच्या निराळ्याच स्फटिकाचे ते होते. जहांगीराचें नांव मिरविणारें 'तैमूरचें माणिक' आणि इंग्लंडच्या राजमुकुटांतील 'ब्लॅक प्रिन्सचें माणिक' हीं दोन्हीं स्पिनेलचीं. युरोपांत १७८३ च्या सुमारास रोमे द लील या फ्रेंच शास्त्रज्ञानें या दोन स्फटिकांतील भेद स्पष्ट केला. म्हणजे त्यांना माणकें म्हणणाऱ्यांचा डोळा चुकला काय? जातीपुरता चुकला, सौंदर्यापुरता चुकला नाहीं. ते खडे आजही तितकेच सुंदर आहेत.

पदवीची हांव माणसाला कोठवर नेते याची एक कहाणी आपल्या कोंकणांत येऊन संपली आहे. ब्रह्मदेशांत ठराविक मोलाहून मोठें माणिक सांपडलें तर तें राजाचें, असा दंडक होता. १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं मंडाले घेतलें, आणि त्या गडबडींत राजवाड्यांतील 'ङा मौक' नांवाचें सुप्रसिद्ध माणिक नाहींसें झालें. थिबा राजाचें म्हणणें असें कीं, आपण तें सांभाळण्यासाठीं एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हातीं दिलें. तें त्याला परत मिळालें नाहीं. १८८६ सालीं राजाला रत्नागिरीस आणून ठेवलें. ज्याच्या मुलखांत माणकांच्या खाणी, तो राजा नांवानें 'रत्नांचा गिरि' असलेल्या गांवीं बंदिवान झाला. जवळ उरलेलीं रत्नें विकून खर्च भागविण्याची पाळी त्याच्यावर आली, आणि १९१६ सालीं तेथेंच त्यानें देह ठेवला. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला थिबा राजवाडा अनेक वाचकांनीं पाहिला असेल. 'कबुतराचें रक्त' हे शब्द ऐकतांना कबुताराखेरीज इतर कोणाचें रक्त व कोणाचे अश्रु त्या रंगांत मिसळले आहेत, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. ही गोष्ट केवळ इतिहासजमाही झालेली नाहीं. २०२१ सालीं ब्रह्मदेशांत लष्करानें सत्ता बळकावल्यावर अमेरिकेनें तेथील सरकारी रत्नव्यवसायावर निर्बंध घातले, ते याच पैशाचा विनियोग कशाकडे होतो हें पाहून.

इंग्रजांनाही त्या खाणी फार काळ लाभल्या नाहींत. १८८९ सालीं लंडनांत मोठ्या उत्साहानें स्थापन झालेल्या 'बर्मा रूबी माइन्स' कंपनीस १९३१ सालीं आपला मक्ता सोडावा लागला. त्या अपयशाचीं कारणें अनेक होतीं; त्यांतील एक कारण पॅरिसच्या एका प्रयोगशाळेंत जन्मलें होतें. ऑग्युस्त व्हर्न्युई या रसायनशास्त्रज्ञानें ॲल्युमिनियमच्या शुद्ध भस्मांत थोडें क्रोमियम मिसळून तें प्रखर ज्योतींतून थेंबाथेंबानें खालीं पाडलें व त्याचा खराखुरा कुरुंद-स्फटिक वाढविला. १९०२ सालीं त्यानें ही कृति प्रसिद्ध केली, आणि मग असे खडे जगभर पसरले. हिंदुस्थानांतील सोनारांपर्यंतही ते आले. रासायनिक घटनेनें हें माणिकच आहे. जमिनीनें घडविलें नाहीं, माणसानें घडविलें, इतकाच फरक.

वाचकांनीं एव्हांना ओळखलें असेल कीं, आमच्या स्नेह्यांच्या घरची जुनी अंगठी तपासून आली ती हेंच उत्तर घेऊन. खड्याच्या पोटांत सूक्ष्मदर्शकाखालीं वांकड्या रेषा दिसल्या. जमिनींत वाढलेल्या माणकांत रेषा सरळ असतात. खडा व्हर्न्युईच्या कृतीनें बनलेला होता. असे खडे शुद्ध भस्मापासून होतात व त्यांत लोखंड जवळजवळ नसतेंच. म्हणूनच तो सावलींतही उजळत होता. आजीबाईंना जो जीव दिसला तो खरोखरच तेथें होता. त्यांचा डोळा सौंदर्याविषयीं बरोबर होता व जातीविषयीं चुकला होता. नव्या अंगठीचा कागद जातीविषयीं बरोबर होता, आणि सौंदर्याविषयीं त्यानें आगाऊपणा केला होता.

उत्तर आलें त्या दिवशीं घरांत थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. पन्नास-साठ वर्षें ज्याला माणिक म्हटलें तें कारखान्यांतलें, हें ऐकून आजीबाईंना वाईट वाटेल म्हणून मुलीचे वडील चांचरत होते. आजीबाईंनीं अंगठी पुन्हां खिडकींत धरली, नीट पाहिली, आणि म्हणाल्या, "खड्याला कांहीं झालेलें नाहीं. कालच्यासारखाच आहे." मग कन्येनेंच निकाल दिला. तिनें जुनी अंगठी मागून घेतली, आणि खडा कोठला आहे हें विचारणाऱ्यास आपण खरें तेंच सांगूं, एवढी अट घातली. नवी अंगठी बोलीप्रमाणें परत गेली. बाजूस टाकलेली रक्कम मुलीच्या नांवें तशीच राहिली.

नव्या अंगठीचा खडा वाईट होता असें कोणीं समजूं नये. तो अस्सल होता, आणि दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांस तो अधिक रुचलाही असता. आमचें सांगणें इतकेंच आहे कीं, तो रुचतो कीं नाहीं हें ठरविण्याआधींच दोन शब्दांनीं तें ठरवून टाकलें होतें. ग्रंथांच्या बाबतींतही आपलें हेंच होतें. पुरस्काराचा शिक्का पाहून आपण पुस्तक विकत आणतों, आवडलें असें म्हणतों, आणि पुष्कळदां तें उघडतही नाहीं. तज्ज्ञांनीं वस्तूची जात सांगावी. ती आपण आदरानें ऐकावी. परंतु आवडीचें काम कोणावर सोंपवितां येत नाहीं. माणिक घ्यावयाचें असेल त्यानें प्रमाणपत्र अवश्य घ्यावें, बारकाईनें वाचावें, आणि मग तें घडी घालून बाजूला ठेवून अंगठी खिडकीशीं न्यावी.